बदलीच्या माणसांचे बेट

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सेंट हेलिनाचे नाव येते ते एका कैद्यापुरते. नेपोलियनला तेथे नेले आणि तेथेच तो वारला, एवढ्या दोन वाक्यांत त्या बेटाची बोळवण होते. वस्तुतः नेपोलियनचा तेथील मुक्काम साडेपाच वर्षांचा. बेटाचा लिखित इतिहास पाच शतकांचा आहे, आणि त्यांतील पावणेदोनशे वर्षांचा वृत्तांत ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात नोंदलेला आहे. मुंबई कंपनीच्या हाती आली ती १६६८ साली. सेंट हेलिनावर कंपनीचे निशाण त्याआधी नऊ वर्षे, म्हणजे अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला त्याच १६५९ साली चढले होते. त्यानंतर हिंदुस्थानातून इंग्लंडला परतणारी जहाजे ताजे पाणी आणि भाजीपाला घेण्यासाठी ह्या बेटाशी थांबत. मद्रास, कलकत्ता, मुंबई येथे नोकरी संपवून घरी निघालेल्या किती गोऱ्या अधिकाऱ्यांनी तेथे पाय मोकळे केले असतील ह्याची गणती नाही.

बेटावर येणारा माणूस बहुतेक वेळा मुदतीपुरता येई. गव्हर्नर, शिपाई, ज्योतिषी, वनस्पतिशास्त्रज्ञ, कैदी, सर्वांची नजर परतीच्या जहाजाकडे असे. अशा माणसांनी त्या भूमीचे काय केले आणि त्या भूमीने त्यांचे काय केले, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम ती भूमी कशी आहे ते सांगणे प्राप्त आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९५० किलोमीटरांवर हे बेट एकटे उभे आहे. सर्वांत जवळची भूमी म्हणजे असेन्शन नावाचे दुसरे लहानसे बेट. तेही १,३०० किलोमीटर दूर. सेंट हेलिनाची लांबी सुमारे सोळा किलोमीटर, रुंदी आठ, क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर. भोवतालचा समुद्र चार हजार मीटरांहून खोल आहे, आणि त्या तळापासून उठलेल्या प्रचंड ज्वालामुखीचा केवळ माथा पाण्याबाहेर राहिलेला आहे. खरे पाहता हे दोन ज्वालामुखी. ईशान्येकडचा आधीचा, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा, नैर्ऋत्येकडचा त्यानंतरचा. तोही थंडावल्यास आता सुमारे ७० लाख वर्षे लोटली. तेव्हापासून तेथे काम चालले आहे ते वाऱ्यापावसाचे आणि समुद्राचे. समुद्राने कडा कापत आणल्या, पावसाने दऱ्या कोरल्या. सह्याद्रीत वाढलेल्या माणसास त्या काळ्या-तांबड्या लाव्ह्याच्या एकावर एक रचलेल्या थरांची ओळख चटकन पटावी. दक्षिण बाजूस सँडी बे म्हणून जी विशाल द्रोणासारखी दरी आहे तिच्यात तर ज्वालामुखीचे आतडेच उघडे पडले आहे. मऊ खडक झिजून गेला, आणि त्याच्या भेगांत शिरून घट्ट झालेला कठीण पाषाण भिंतींसारखा उभा राहिला. त्याच दरीच्या अंगाला दोन सुळके आहेत. बायबलातील कथेवरून खलाशांनी त्यांस लॉट आणि लॉटची बायको अशी नावे दिली. मागे वळून पाहिले म्हणून त्या बिचारीचा मिठाचा खांब झाला होता. परतीच्या वाटेवरील बेटावर हे नाव कोणास सुचावे ह्यात आम्हांला नवल वाटत नाही.

समुद्रावरून पाहणाऱ्यास हे बेट म्हणजे तुरुंगाची भिंत वाटते. तीनतीनशे मीटर उंचीचे उघडे कडे, एक झाड नाही, आणि उतरण्याजोग्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दऱ्या जेथे समुद्रास मिळतात तेवढ्याच फटी. कंपनीने त्यांच्या तोंडाशीही तट बांधून तोफा बसविल्या. जेम्सटाउन हे गाव अशाच एका दरीच्या तळाशी, दोन उभ्या डोंगरांच्या बेचक्यात, एका लांबट रस्त्यासारखे वसले आहे. पण त्या दरीतून वर चढून गेले म्हणजे तासाभरात देखावा पालटतो. माथ्यावर हिरवळ, झरे, धुके आणि थंड वारा. मधोमध अर्धचंद्राकार कणा आहे, आणि त्यावरील डायनाचे शिखर सुमारे ८२० मीटर उंच आहे. आग्नेयेकडून बारमाही वाहणारा व्यापारी वारा समुद्राची ओल घेऊन ह्या कण्यावर आदळतो, वर चढतो, निवतो आणि त्याचा ढग होतो. जेम्सटाउनला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरांच्या आत पाऊस, आणि काही किलोमीटरांवरच्या कण्यावर हजारच्या आसपास! शिवाय पाऊस नसतानाही तेथील झाडाएवढाले नेचे आपल्या पानांवर ढगातील पाणी झेलतात आणि ते ठिबकत ठिबकत जमिनीत मुरते. बेटाचे झरे ह्या ठिबकणाऱ्या पाण्यावर पुष्कळ अंशी जगतात. हे एक सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सर्व कथा झाडांच्या आणि पाण्याच्या ह्या संबंधाभोवती फिरणारी आहे.

त्या ढगाचा पहिला नामांकित साक्षी एक ज्योतिषी होता. एडमंड हॅली वयाच्या विसाव्या वर्षी, १६७७ च्या आरंभी, दक्षिण गोलार्धातील ताऱ्यांची मोजदाद करण्यासाठी तेथे पोहोचला. त्याने डोंगरावर वेधशाळा थाटली, आणि आकाश निरभ्र मिळेना म्हणून कावला. तरीही ३४१ ताऱ्यांची सूची आणि बुधाच्या सूर्यबिंबावरील अधिक्रमणाचा वेध एवढे पदरात पाडून तो परतला. दुर्बिणीच्या भिंगांवर पुन्हा पुन्हा दव साचे, ते पुसावे लागे. लिहावयाचा कागद इतका ओला होई की त्यावर शाई टिकत नसे. दुसरा एखादा ह्या गोष्टीची तक्रार करून थांबला असता. हॅलीने पुढे १६९० नंतर समुद्राच्या वाफेविषयी लिहिताना तीच आठवण पुराव्यादाखल मांडली, आणि डोंगरावरच्या अशा निवलेल्या वाफेतूनच झरे उगम पावतात असे अनुमान केले. ताऱ्यांसाठी गेलेल्या माणसास तेथे पाण्याचे कोडे उलगडले. त्याच्यामागून १७६१ साली नेव्हिल मास्केलिन शुक्राच्या अधिक्रमणासाठी मुद्दाम तेथे गेला. नेमक्या वेळी ढग आडवा आला आणि सारा खटाटोप व्यर्थ झाला.

आता माणसांच्या आगमनाकडे वळू. १५०२ साली हिंदुस्थानातून परतणाऱ्या ज्वांव द नोव्हा ह्या पोर्तुगीज नाविकास हे बेट निर्मनुष्य सापडले. पोर्तुगीजांनी तेथे वस्ती केली नाही. त्यांनी शेळ्या सोडल्या, लिंबाची झाडे लावली, एक लहान प्रार्थनामंदिर बांधले आणि बेटाचा पत्ता जवळजवळ शतकभर इतरांपासून लपवून ठेवला. बेटाचा पहिला रहिवासी मात्र पोर्तुगालहून सरळ आलेला नव्हता. तो आला गोव्याहून. फेर्नांव लोपिश हा त्या शिपायांपैकी एक, जे आल्बुकर्क मलाक्केच्या मोहिमेवर गेला असता आदिलशाही सरदार रसूलखानास जाऊन मिळाले. १५१२ साली आल्बुकर्क परतला, त्याने बाणस्तारीच्या किल्ल्यास वेढा दिला, आणि तह करताना रसूलखानाने ह्या फितुरांस प्राणदान मिळावे एवढ्या अटीवर त्यांस स्वाधीन केले. आल्बुकर्कने अट अक्षरशः पाळली. प्राण ठेवले; नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडविला.

आल्बुकर्क वारल्यावर, १५१६ च्या सुमारास, लोपिश स्वदेशी निघाला. पण अशा अवस्थेत घरच्यांपुढे उभे राहण्याचे धैर्य त्यास झाले नाही. जहाज सेंट हेलिनाशी पाण्यासाठी थांबले तेव्हा तो उतरून रानात दडून बसला. सोबत्यांनी त्याच्यासाठी थोडे अन्न आणि कपडे ठेवून शीड उभारले. हिंदुस्थानातच हयात घालविलेल्या गास्पार कोर्रेया ह्या पोर्तुगीज बखरकाराने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. लोपिशने उरलेल्या चार बोटांनी गुहा खणली. एका जहाजावरून पाण्यात पडलेला कोंबडा त्याने वाचविला आणि तो कुत्र्यासारखा त्याच्या मागे मागे फिरू लागला. पुढे जहाजे त्याच्यासाठी बी-बियाणे, रोपे आणि कोंबड्या ठेवून जाऊ लागली. त्याने मळे केले. मध्यंतरी त्यास लिस्बनला आणि तेथून रोमला पोपच्या भेटीस नेण्यात आले. तेथे त्याने वर मागितला तो बेटावर परत जाऊ देण्याचा. तो परतला आणि १५४५ च्या सुमारास तेथेच मरण पावला. पाचशे वर्षांत सेंट हेलिनाला परतण्यासाठी विनवणी करणारे फारसे कोणी निघाले नाहीत, म्हणून आम्ही ह्या अभाग्याची कथा एवढ्या विस्ताराने सांगितली.

त्याने लावलेली झाडे फळली; त्याहून अधिक फळल्या त्या शेळ्या. १५८८ साली इंग्रज दर्यावर्दी कॅव्हेंडिश तेथे उतरला तेव्हा जवळजवळ मैलभर लांब पसरलेले कळप त्याने पाहिले. शेळी मोठे झाड मारीत नाही, ती रोप खाते. म्हणून एका पिढीच्या माणसास रान जसेच्या तसे दिसते. जुनी झाडे उभी असतात, त्यांच्या जागी येणारी नवी मात्र नाहीशी झालेली असतात, आणि हे कळून येते ते म्हातारी झाडे उन्मळून पडू लागली म्हणजे. ईशान्येच्या पठारावर ‘ग्रेट वुड’ नावाचे मोठे अरण्य होते. १७१६ सालीही तेथे पुष्कळ वृक्ष होते. १७२४ पर्यंत त्यांतील बहुतेक आडवे झाले. आज त्या परिसरातील एका माळास डेडवुड, म्हणजे मेलेले रान, असे नाव आहे. मोकाट जनावरे मारावीत असा हुकूम निघाला तो १७३१ साली, घात पुरा होऊन गेल्यावर.

दोष केवळ शेळ्यांचा नव्हता. बेटावर आबनूस नावाचे एक झाड होते; आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील आबनुसाशी त्याचे नाते नाही, ते भेंडी-कापसाच्या कुळातले. त्याचे लाकूड काळे आणि जड. कातडी कमावणारे साल सोलून नेत आणि झाड तसेच मरू देत. लाकूड चुन्याच्या भट्ट्यांत जाई. अठराव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर रॉबर्ट्सने लाकडाची टंचाई पाहून रानाला कुंपण घालण्याचा विचार लंडनला कळविला होता. त्याच्यामागून आलेल्यांनीही लिहिले. दप्तर वाचताना असे ध्यानात येते की, रान जात आहे हे कोणास कळत नव्हते असे नाही; दर काही वर्षांनी ते नव्याने कळे, नव्याने कागदावर उतरे, आणि लिहिणाऱ्याची मुदत भरे. जहाजाने पत्र जाऊन उत्तर यावयास महिनेच्या महिने लागत. १७४५ साली शेळ्या आबनुसाची रोपे खातात अशी तक्रार झाली तेव्हा लंडनच्या संचालकांनी निर्णय दिला की शेळ्या मारू नयेत, आबनुसापेक्षा त्या अधिक उपयोगी आहेत. जहाजांस ताजे मांस पुरविणे हे बेटाचे काम होते, त्या हिशेबाने निर्णय चुकीचा नव्हता. चूक होती ती हिशेबात पाणी न धरण्याची. झाडे गेलेल्या उतारावरची माती पावसाने धुऊन नेली आणि खाली उघडा खडक राहिला.

१८०८ साली अलेक्झांडर बीटसन गव्हर्नर होऊन आला. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या मोहिमेत हा होता, आणि टिपूविरुद्धच्या त्या युद्धाचा इतिहासही त्याने लिहिला आहे. त्याने शेतीच्या सुधारणा आरंभिल्या, चिनी मजूर आणविले, दारूबंदीसारखे कडक नियम केले. १८११ साली पलटणीने त्यावरून बंड केले ते त्याने मोडले. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हे निवृत्त होऊन परतताना १८१३-१४ मध्ये बेटावर राहिले आणि तेथील वनस्पतींची यादी त्यांनी केली. बीटसनने ती १८१६ साली आपल्या ग्रंथात छापली. हीच सामग्री वाचून चार्ल्स डार्विन १८३६ च्या जुलैत बेट पायी हिंडला. नेपोलियनच्या थडग्याजवळ मुक्काम करूनही त्याचे चित्त होते ते जमिनीत सापडणाऱ्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांवर. रान गेले तेव्हा त्यात राहणारे प्राणीही गेले, असे त्याने त्यांवरून ताडले. डोंगरउतारांवर इंग्लंडहून आणलेली झाडेझुडपे माजलेली आणि मूळची झाडे माथ्यावर कोंडलेली, असे बेटाचे चित्र त्यास दिसले.

नेपोलियनविषयी आम्ही थोडक्यात सांगतो. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यास लाँगवुडलाच का ठेवले ह्याचे उत्तर भूगोलात आहे. ते पठार सपाट, चहूकडून नजरेत राहणारे, समुद्राकडे सरळ तुटलेले, आणि शेजारी डेडवुडचा उघडा माळ पलटणीच्या छावणीस आयता मिळालेला. ग्रेट वुड उभे असते तर ती छावणी तेथे पडती ना. पठार वाऱ्याच्या तोंडी असल्याने झाडे एका दिशेस वाकलेली, आणि घर सदा ओलसर. त्याआधी सुमारे दोन महिने तो ब्रायर्स नावाच्या निवाऱ्याच्या जागी होता; असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली १८०५ साली हिंदुस्थानातून परतताना तेथेच उतरला होता, असा योगायोग सांगतात. १८१६-१७ मध्ये बेटाभोवती गस्त घालणाऱ्या आरमाराचा प्रमुख पुल्टनी माल्कम हा पेशवाईच्या अखेरच्या इतिहासातील आपल्या परिचयाच्या जॉन माल्कमचा भाऊ. नेपोलियन ५ मे १८२१ रोजी वारला. ज्या झऱ्याचे पाणी त्यास आवडे त्याच्याच दरीत त्यास पुरले, आणि १८४० साली फ्रान्सने त्याचा देह नेला.

त्याच १८४० साली ह्या बेटावर दुसरे एक प्रकरण उघडले, त्याची आठवण फार थोड्यांस आहे. इंग्रजी आरमार अटलांटिकमध्ये गुलामांची जहाजे पकडू लागले आणि त्यांतील आफ्रिकी माणसे सेंट हेलिनाला आणून उतरवू लागले. जेम्सटाउनच्या शेजारी रूपर्टची दरी आहे, ओसाड, निर्जल, वाऱ्याने भाजलेली. तिच्यात तीस-एक वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक माणसे उतरली. सुमारे आठ हजार तेथेच मेली. मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांस पुढे इतर वसाहतींत मजुरीस पाठविले. विमानतळाच्या रस्त्यासाठी २००७-०८ मध्ये दरी खणावी लागली तेव्हा ३२५ सांगाडे निघाले, पुष्कळसे लहान मुलांचे. ते पुन्हा भूमीत ठेवण्यात आले २०२२ साली. सम्राटाच्या रिकाम्या थडग्याभोवती कुंपण आहे, पहारेकऱ्याची चौकी होती. ह्या थडग्यांवर दगडही नव्हता. त्या जहाजांपैकी एकाच्या लाकडातून वाळवी आली असे सांगतात, आणि तिने थोड्याच वर्षांत जेम्सटाउनच्या तुळया, दारे, पुस्तके पोखरून टाकली.

१८३४ साली कंपनीकडून बेट राजसत्तेकडे गेले. कंपनीचे नोकर एका फटक्यात बिननोकरीचे झाले आणि पुष्कळ घराणी केपकडे निघून गेली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. वर्षाकाठी हजारांच्या घरात येणारी जहाजे ओसरत गेली. बोअर युद्धातले सुमारे सहा हजार कैदी १९०० ते १९०२ मध्ये तेथे ठेवले तेवढ्यापुरती दुकानांत वर्दळ आली. १९०७ पासून न्यूझीलंडच्या फ्लॅक्सचा धंदा निघाला. आपल्या घायपाताप्रमाणे लांब पात्यांचे हे झाड. त्याच्या धाग्याची सुतळी होई आणि इंग्लंडच्या टपालखात्यात ती टपालाच्या थैल्या बांधावयास लागे. फ्लॅक्ससाठी कण्यावरचे उरलेसुरले रानही तोडले गेले. १९६६ साली टपालखात्याने कृत्रिम धाग्याची सुतळी पत्करली आणि बेटाचा एकुलता एक धंदा बसला. एखाद्या खात्यातील खरेदीच्या टिपणाने समुद्रापलीकडच्या एका अख्ख्या बेटाची चूल कशी विझते, हे सरकारी कचेऱ्यांत बसलेल्या आमच्या वाचकांस अधिक समजावून सांगणे नको. गिरण्या बंद पडल्या, फ्लॅक्स मात्र आपल्या मुळांनी पसरतच राहिला, आणि नेच्यांची जागा तो आजही अडवून आहे.

वर आम्ही दप्तराचा उल्लेख वारंवार केला. ते आज वाचावयास मिळते ह्याचे पुष्कळ श्रेय हडसन जॅनिश ह्या गृहस्थाकडे जाते. १८७३ ते १८८४ हा गव्हर्नर होता, आणि गव्हर्नरांच्या लांबलचक यादीत बेटावर जन्मलेला. जुन्या नोंदवह्या चाळून त्याने उतारे काढले. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८५ साली छापले गेले. शेळ्यांच्या आणि आबनुसाच्या वादाची साधने त्यांतच आहेत.

विमानतळावरून पहिले नियमित प्रवासी विमान ऑक्टोबर २०१७ मध्ये उतरले. त्यासाठी एक दरी शंभर मीटर भरून काढावी लागली. धावपट्टी तयार झाल्यावर कळले की कड्यांवर आदळून उलटणारा वारा मोठ्या विमानास धोक्याचा आहे. वर्षभर उद्घाटन खोळंबले, आणि शेवटी लहान विमानांची सोय करण्यात आली. बेटाची वस्ती साडेचार हजारांच्या आत आहे. ही माणसे कंपनीचे शिपाई, मादागास्करचे आणि हिंदुस्थानचे गुलाम, चिनी मजूर, मुक्त आफ्रिकी ह्या सर्वांची वंशज. त्यांस परतीचे जहाज नव्हते.

त्यांच्यापैकीच वनखात्यात काम करणारे जॉर्ज बेंजामिन हे गृहस्थ १९८० च्या नोव्हेंबरात एका वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर कड्यांच्या बाजूने हिंडत होते. समोरच्या उभ्या कड्यावर त्यांस पांढऱ्या फुलांची दोन खुरटी झुडपे दिसली. आबनूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच नष्ट झाला असे सर्व ग्रंथांत नोंदलेले होते. शेळी पोहोचू शकली नाही अशा त्या एकाच ठिकाणी तो राहिला होता. दोरावरून उतरून फांद्यांची कलमे आणली गेली, आणि त्यांपासून हजारो रोपे झाली. २००० सालापासून जुन्या ग्रेट वुडच्या जागी बेटावरचे लोक गमवुडची झाडे लावीत आहेत. जमीन तेथे कोरडी आहे, माती उथळ आहे, आणि कोवळ्या रोपांस सशांपासून जपावे लागते.